अंड्याविना केक फुगतो कसा?

आमच्या शेजारी राहणारी नववीतली एक मुलगी एका शनिवारी संध्याकाळी झाकलेली ताटली घेऊन आमच्याकडे आली. ताटलीत पिवळसर रंगाचा, मधोमध खोलगट झालेला एक पदार्थ होता. "काका, हा केक आहे. म्हणजे व्हायला हवा होता," ती म्हणाली. मी एक तुकडा तोंडात टाकला. चव साबणासारखी होती.

पुढच्या आठवड्यात तिच्या आजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. आजी अंडे खात नाहीत. म्हणून नातीने घरीच बिनअंड्याचा केक करायचे ठरवले होते. पहिल्या खेपेस तिने पुस्तकातली साध्या केकची कृती घेतली आणि त्यातली तीन अंडी तेवढी गाळली. त्या केकला सुरी लागेना. दुसऱ्या खेपेस, केक फुगावा म्हणून, तिने दोन चमचे खाण्याचा सोडा घातला. या वेळी केक ओव्हनमध्ये छान वर आला, पण थोड्याच वेळात मध्ये बसला. आजींनी एक घास घेतला, काही न बोलता तो गिळला आणि पाणी मागितले. नातीला तेच फार लागले होते. "काका, अंड्याशिवाय केक होतच नाही का?" तिने विचारले.

केक होतो, आणि चांगला होतो. मात्र त्यासाठी अंडे नुसते गाळून चालत नाही. ते केकमध्ये कोणकोणती कामे करते हे आधी पाहावे लागते आणि मग त्यातले प्रत्येक काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावे लागते. विद्यार्थी मित्रहो, या लेखात आपण हेच पाहणार आहोत.

केक म्हणजे घट्ट झालेला फेस

केकचा तुकडा हातात घेऊन नीट पाहा. त्यात लहानमोठी असंख्य छिद्रे दिसतील. साबणाच्या फेसात जसे हवेचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पाण्याचे पातळ पापुद्रे असतात, तसेच ओल्या केकच्या मिश्रणात वायूचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पीठ, साखर, पाणी व तेल यांच्या भिंती असतात. फरक इतकाच की साबणाचा फेस थोड्या वेळाने विरून जातो. केकचा फेस मात्र उष्णतेने घट्ट होऊन कायम राहतो. तेव्हा केक साधण्यासाठी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. एक, पुरेसे बुडबुडे तयार झाले पाहिजेत. आणि दोन, ते फुटून जाण्यापूर्वी त्यांच्या भिंती घट्ट झाल्या पाहिजेत.

कोंबडीचे अंडे ही दोन्ही कामे करते. टरफल काढल्यावर सुमारे ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी असते. उरलेल्या भागात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम मेद असतो. पांढरा बलक घुसळला की त्यातली प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात आणि भरपूर फेस होतो. तोच बलक तापवला तर साधारण ६२° सेल्सिअसपासून साकळू लागतो, म्हणजे द्रवाचा घन होऊ लागतो. बुडबुड्यांच्या भिंतींना त्यामुळे बळकटी येते. पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो एरवी एकमेकांपासून दूर पळणाऱ्या तेलाला आणि पाण्याला एकत्र बांधून ठेवतो. शिवाय अंड्यामुळे केकला ओलावा, रंग आणि चव मिळते ती वेगळीच.

म्हणजे पुस्तकातल्या कृतीतून तीन अंडी गाळताना आमच्या शेजारणीने नकळत फेस करणारा, भिंती बांधणारा आणि तेल-पाणी जुळवणारा, असे सगळे कारागीर एकदमच रजेवर पाठवले होते. त्यांच्या जागी दुसरे कोणीच आणले नाही. मग केक फुगणार कसा?

वायू कोठून आणायचा?

बिनअंड्याच्या केकमध्ये वायू पुरवण्याचे मुख्य काम खाण्याचा सोडा करतो. त्याचे रासायनिक नाव सोडियम बायकार्बोनेट. हा सोडा दोन प्रकारे कार्बन डायऑक्साइड वायू देतो.

पहिला प्रकार नुसत्या उष्णतेचा. सोडा तापला की त्याचे विघटन होते:

सोडियम बायकार्बोनेट (उष्णता दिल्यावर) → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

दुसरा प्रकार आम्लाबरोबरचा. दह्यातले लॅक्टिक आम्ल घेतले तर:

सोडियम बायकार्बोनेट + लॅक्टिक आम्ल → सोडियम लॅक्टेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

वरवर पाहता दोन्हींत वायू मिळतोच. मग आम्ल हवे कशाला? दोन्ही समीकरणे काळजीपूर्वक पाहा. पहिल्या क्रियेत मागे सोडियम कार्बोनेट उरते. सोडियम कार्बोनेट म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला धुण्याचा सोडा! आमच्या शेजारणीच्या दुसऱ्या केकला साबणासारखी चव का आली, याचे उत्तर येथे मिळते. तिने दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम सोडा घातला होता आणि मिश्रणात आम्ल जवळजवळ नव्हतेच. सोडियम बायकार्बोनेटचा रेणुभार ८४ आणि सोडियम कार्बोनेटचा १०६. सोड्याचे दोन रेणू मिळून कार्बोनेटचा एक रेणू देतात, म्हणजे १६८ ग्रॅम सोड्यापासून १०६ ग्रॅम कार्बोनेट. या हिशेबाने १० ग्रॅम सोड्याचे पूर्ण विघटन झाले तर सुमारे ६.३ ग्रॅम धुण्याचा सोडा केकमध्ये तयार होईल. आजींनी पाणी मागितले यात नवल ते काय!

आता वायूचा हिशेब पाहा. आम्ल असेल तर सोड्याच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. आम्ल नसेल तर दोन रेणूंमागे एकच सुटतो, कारण दुसरा कार्बोनेटमध्ये अडकून पडतो. ८४ ग्रॅम सोड्यापासून आम्लाच्या साहाय्याने नेहमीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर वायू मिळतो. म्हणजे एक सपाट चहाचा चमचा (सुमारे ५ ग्रॅम) सोडा आम्लाबरोबर १.४ लिटर वायू देईल, आणि नुसत्या उष्णतेने फक्त ०.७ लिटर. थोडक्यात, आम्लामुळे वायू दुप्पट मिळतो आणि साबणासारखी चवही टळते.

ढोकळ्यावरचे लाल ठिपके

ढोकळ्याचे पीठ कालवताना सोडा नीट मिसळला गेला नाही, तर पिवळ्याधमक ढोकळ्यावर मध्येच लालसर ठिपके उठतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ही हळदीची करामत आहे. हळद हा एक दर्शक आहे. आम्लात आणि उदासीन द्रावणात ती पिवळी राहते. आम्लारी द्रावणात लालसर तपकिरी होते. जेथे सोड्याचा खडा तसाच राहिला तेथे आम्ल अपुरे पडले, आणि हळदीने ते उघड केले. केकमध्ये हळद नसते म्हणून ठिपके दिसत नाहीत, पण न मिसळलेल्या सोड्याची गाठ दाताखाली आली की जिभेला ती लगेच कळते. म्हणूनच मैदा आणि सोडा एकत्र दोन-तीन वेळा चाळून घ्यायचे असतात.

आम्ल किती घ्यायचे?

चांगल्या आंबट दह्यात साधारण १ टक्का लॅक्टिक आम्ल असते. लॅक्टिक आम्लाचा रेणुभार ९०. म्हणजे ९० ग्रॅम आम्ल ८४ ग्रॅम सोड्याचे उदासिनीकरण करते. एक कप, म्हणजे २४० ग्रॅम, दह्यात २.४ ग्रॅम आम्ल आले. ते सुमारे २.२ ग्रॅम सोड्याला पुरते. म्हणजे जवळजवळ अर्धा चहाचा चमचा. स्वयंपाकाच्या पुस्तकांत 'एक कप दह्याला अर्धा चमचा सोडा' असे प्रमाण आढळते, त्यामागे हे गणित आहे. पूर्ण चमचाभर सोडा घालायचा तर अर्धा किलोहून अधिक दही लागेल!

दह्याऐवजी व्हिनेगर घेता येते. त्यात ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. एक मोठा चमचा (१५ मिलिलिटर) व्हिनेगर सुमारे १ ग्रॅम सोड्याला पुरते. लिंबाच्या रसाचीही ताकद जवळपास तेवढीच असते.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि त्याला पुरेल इतके कोरड्या स्वरूपातले आम्ल यांचे मिश्रण. ओलाव्याने त्यांची क्रिया आधीच सुरू होऊ नये म्हणून त्यात मक्याचे पिष्ट घातलेले असते. हिच्या जन्माची हकिकत आपल्या विषयाशी फार जवळची आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणून त्यांनी १८३७ साली मक्याच्या पिठापासून बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. पत्नीला यीस्टही चालत नसे. म्हणून १८४३ साली त्यांनी यीस्टशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर बनवली. घरातल्या एका माणसाला एक पदार्थ चालत नाही, या अडचणीतून दोन शोध लागले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून अंड्यांचे रेशनिंग सुरू झाले. माणशी आठवड्याला एक अंडे मिळे, आणि तेही नेहमी मिळेलच अशी खात्री नसे. त्या काळात सोडा व व्हिनेगर वापरून केलेले बिनअंड्याचे केक घरोघरी होऊ लागले.

भिंती कोण बांधणार?

वायूची सोय झाली. आता त्याला कोंडून ठेवणाऱ्या भिंती हव्यात. येथे मैदा कामाला येतो.

मैद्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ ढवळले गेले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेन नावाचे लवचीक जाळे तयार होते. ते पाहायचे असेल तर मूठभर मैदा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग गोळा वाटीभर पाण्यात हलक्या हाताने धूत राहा. पाणी पांढरे होईल, कारण त्यात पिष्टाचे कण उतरतील. पाणी बदलत गेल्यावर शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा करडा गोळा राहील. तेच ग्लुटेन.

अंड्याच्या केकमध्ये भिंतींचा बराच भार अंड्यातली प्रथिने उचलतात. बिनअंड्याच्या केकमध्ये तो ग्लुटेन, पिष्ट आणि दुधा-दह्यातली प्रथिने यांना उचलावा लागतो. म्हणून येथे थोडे ग्लुटेन हवेच. पण ते फार झाले तर केक पावासारखा चिवट होतो. यासाठी मैदा घालण्यापूर्वी दही, साखर आणि तेल हवे तितके फेटावे. मैदा घातल्यावर मात्र गुठळ्या मोडण्यापुरतेच ढवळावे.

त्या आधीच्या फेटण्यालाही महत्त्व आहे. ओव्हनमध्ये गेल्यावर मिश्रणात नवे बुडबुडे फारसे जन्माला येत नाहीत. सोड्यातून सुटलेला वायू आधीच असलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना फुगवतो. फेटून जितके अधिक आणि बारीक बुडबुडे तयार कराल, तितका केक बारीक जाळीचा होईल. हे बीज पेरण्याचे काम आहे; सोडा हे त्याला दिलेले पाणी!

भिंती घट्ट करण्याचे काम मुख्यतः पिष्ट करते. पिष्टाचे कण गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. साध्या पाण्यात गव्हाचे पिष्ट साधारण ६०° सेल्सिअसच्या पुढे फुगू लागते. केकमध्ये मात्र साखर भरपूर असते. ती पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे पिष्टाला फुगण्यासाठी ८०° ते ९०° पर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून साखरेचे प्रमाण मनाला येईल तसे वाढवू नये. साखर जास्त झाली तर भिंती वेळेवर घट्ट होत नाहीत आणि केक बसतो.

वायू आणि भिंती यांची शर्यत

केक ओव्हनमध्ये ठेवल्यावर आत एक शर्यत चालू असते. एकीकडे वायू बुडबुडे ताणत असतो, दुसरीकडे भिंती घट्ट होत असतात. भिंती फार लवकर घट्ट झाल्या तर केक फुगत नाही. वर कवच धरते आणि आतला वायू ते फोडून डोंगरासारखा वर येतो. भिंतींना उशीर झाला तर बुडबुडे फुटतात आणि केक खाली बसतो. ओव्हन १८०° सेल्सिअसच्या आसपास असला की दोघांची गाठ बरोबर वेळी पडते.

ओव्हनचे दार सारखे उघडून पाहू नये असे का सांगतात? केकच्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड आणि हवा यांच्याबरोबर पाण्याची वाफही असते, आणि ती थोडीथोडकी नसते. ९०° सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सात-दशांश असतो. म्हणजे त्या वेळी बुडबुड्यातल्या वायूपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग नुसती वाफ असते! दार उघडून थंड हवा आत घेतली की ही वाफ पटकन निवते, पुन्हा पाणी होते आणि बुडबुडा आकसतो. भिंती अजून ओल्या असतील तर त्या आत कोसळतात.

केक शिजत आला की आणखी एक बदल होतो. बुडबुड्यांच्या भिंतींना बारीक भोके पडून सगळ्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात. फेसाचा आता स्पंज झालेला असतो. बाहेरची हवा आत सहज शिरू शकते, आणि म्हणून पूर्ण शिजलेला केक निवल्यावर थोडाच आकसतो. अर्धवट शिजलेला मात्र मध्ये खचतो, कारण उष्णता मध्यभागी सर्वांत शेवटी पोहोचते. आमच्या शेजारणीने दुसऱ्या खेपेस दोन वेळा दार उघडले होते, हे तिने मागाहून कबूल केले.

तेल, पाणी आणि रंग

लेसिथिनचे काम दह्यातली आणि दुधातली प्रथिने बऱ्यापैकी करतात. तीही तेलाच्या थेंबांभोवती पडदा धरून त्यांना पाण्यात विखुरलेले ठेवतात. तेल आणि दही फेटल्यावर जे एकजीव, दाटसर मिश्रण होते त्याला पायस म्हणतात. आटवलेल्या गोड दुधात, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कमध्ये, प्रथिने आणि साखर दोन्ही दाट असतात, म्हणून बिनअंड्याच्या केकसाठी त्याचा वापर पुष्कळ होतो.

दूध-दही चालत नसेल तर जवसाची पूड तिप्पट पाण्यात भिजवून घ्यावी. तिला बुळबुळीत चिकटपणा येतो आणि ती मिश्रण बांधून ठेवते. कुस्करलेले केळेही ओलावा धरून ठेवते. २०१४ साली फ्रान्समधील जोएल रोसेल यांना कडधान्य शिजवून उरलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा घट्ट फेस होतो असे आढळले. छोले उकडल्यावर राहिलेले दाटसर पाणी गार करून घुसळून पाहा. त्यात उतरलेली प्रथिने आणि इतर द्रव्ये हा फेस धरतात.

केकच्या वरच्या बाजूस येणारा तपकिरी रंग आणि खमंग वास प्रथिने व काही शर्करा यांच्या क्रियेतून येतो. १९१२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. केकचा आतला भाग ओला असल्यामुळे १००° सेल्सिअसच्या वर जात नाही. म्हणून तो फिका राहतो. पृष्ठभाग कोरडा होऊन त्याहून बराच तापतो आणि तपकिरी होतो. दह्या-दुधामुळे बिनअंड्याच्या केकलाही हा रंग येतो.

आता केक करू या

साहित्य: मैदा १९० ग्रॅम (सुमारे दीड कप), पिठीसाखर १५० ग्रॅम, आंबटसर ताजे दही २४० ग्रॅम (एक कप), वास नसलेले तेल १०० ग्रॅम, खाण्याचा सोडा सपाट अर्धा चहाचा चमचा, बेकिंग पावडर सपाट एक चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड किंवा व्हॅनिलाचा अर्क.

कृती: प्रथम ओव्हन १८०° सेल्सिअसला तापत ठेवा. सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला आतून तेलाचा हात लावून वर मैदा भुरभुरवा. मैदा, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून तीन वेळा चाळा. दुसऱ्या भांड्यात दही व साखर पाच मिनिटे फेटा. मग तेल घालून मिश्रण एकजीव होईपर्यंत पुन्हा फेटा. वेलची किंवा व्हॅनिला घाला. आता मैदा दोन-तीन भागांत घालून हलक्या हाताने मिसळा. मिश्रण लगेच डब्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवा. पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नका. ३५ ते ४० मिनिटांनी मध्यभागी विणकामाची स्वच्छ सुई खुपसून पाहा. ती कोरडी बाहेर आली की केक झाला. दहा मिनिटांनी डबा उपडा करा.

काही कृतींत दह्यात सोडा घालून तो फसफसेपर्यंत थांबायला सांगतात. फसफसताना दिसतो तो आपल्याला हवा असलेलाच वायू. त्यातला बराचसा खोलीत निघून जातो. तेव्हा सोडा कोरड्या मैद्यातच घालावा आणि ओले-कोरडे एकत्र झाल्यावर वेळ दवडू नये.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू पसरा. वर तिवई ठेवून, घट्ट झाकण लावून, मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा आणि केकचा डबा तिवईवर ठेवा. वाळू हळूहळू तापते आणि उष्णता सर्वत्र सारखी देते. या पद्धतीत ४५ ते ५० मिनिटे लागतात. हे काम घरातल्या मोठ्या माणसांसमोरच करा. वाळू अतिशय तापलेली असते.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. कोकणात काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून धोंडस करतात. पातेल्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून तो भाजण्याची जुनी रीत आहे. त्यात अंडे नाही, सोडा नाही आणि तांदळात ग्लुटेनही नाही. काकडीच्या पाण्यात फुगलेले तांदळाचे पिष्टच सारा पदार्थ धरून ठेवते. म्हणून धोंडस मऊ असला तरी भरीव असतो, जाळीदार नसतो.

एक प्रयोग: तीन वाट्या

हा प्रयोग शाळेतही करता येईल. स्टीलच्या तीन सारख्या वाट्यांना आतून तेल लावून त्यांवर अ, ब, क अशा खुणा करा. सोडा आणि व्हिनेगर सोडून बाकी सारे तिन्हींत सारखे: मैदा ४ मोठे चमचे, पिठीसाखर २ मोठे चमचे, तेल २ चहाचे चमचे. चमचे सपाट भरा.

वाटी अ: सोडा नाही, पाणी ८ चहाचे चमचे.
वाटी ब: सोडा एक-अष्टमांश चहाचा चमचा, पाणी ८ चहाचे चमचे.
वाटी क: सोडा तेवढाच, पाणी ६ चहाचे चमचे आणि व्हिनेगर २ चहाचे चमचे.

प्रत्येक मिश्रण वेगळ्या भांड्यात सारख्याच वेळा ढवळून वाटीत ओता. वाटी निम्मीच भरा. तिन्ही वाट्या इडलीपात्रात एकाच वेळी ठेवून पंधरा मिनिटे वाफवा. निवल्यावर मधोमध कापून उंची मोजा आणि रंग, जाळी व चव यांची नोंद करा. मग प्रत्येकाचा थोडा चुरा थेंबभर पाण्यात कालवून त्यात चिमूटभर हळद घाला. ब वाटीतल्या चुऱ्यात हळद लालसर होईल. क वाटीतल्या चुऱ्यात तिचा पिवळेपणा बराच टिकेल. दोन वाट्यांत सोडा सारखाच होता, हे लक्षात ठेवून या फरकाचे कारण वहीत लिहा.

आमच्या शेजारणीने आधी हा प्रयोग केला आणि मगच, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वर दिलेल्या प्रमाणाने तिसरा केक केला. दार तिने एकदाही उघडले नाही. ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी आजींनी पहिला तुकडा संपवला आणि पाण्याऐवजी दुसरा तुकडा मागितला. "यात अंडं नाही ना गं?" असे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.

विचार करा आणि करून पाहा

१. दह्याऐवजी दूध घेतले आणि सोडा तेवढाच ठेवला, तर चवीत आणि रंगात काय फरक पडेल? दुधात किती व्हिनेगर घालावे लागेल?

२. कालवलेले मिश्रण अर्धा तास तसेच ठेवून मग भाजले, तर केकची उंची कमी होईल की जास्त? का?

३. मैद्याऐवजी निम्मी कणीक घेऊन केक करून पाहा. कणकेतल्या कोंड्याचा ग्लुटेनच्या जाळ्यावर काय परिणाम होत असेल?

४. तुमच्या घरी सोडा घालून कोणकोणते पदार्थ करतात? प्रत्येकात आम्ल कोठून येते ते शोधा. ज्यात आम्ल मिळाले नाही, त्या पदार्थावर हळदीची परीक्षा करून पाहा.